धाबे गळते एका ठिकाणी, सडते दुसऱ्याच ठिकाणी

रोहिणी नक्षत्र लागले की अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या जुन्या गावांत एक काम ठरलेले असे. गावाबाहेरून पांढरी, खारी माती आणायची, ती धाब्यावर पसरायची, चोपायची आणि मृगाची वाट पाहायची. आता स्लॅबची आणि टिनाची घरे वाढली, माती टाकणारे हात कमी झाले. तरीही गावठाणात धाब्याची घरे उभी आहेत. काही वारशाने आलेली, काही स्वस्तात विकत घेतलेली. पहिल्याच मोठ्या पावसात छत ठिबकू लागते आणि घरधनी वर चढून दिसेल त्या जागी माती थापतो. गळती थांबली असे वाटते. खरी अडचण मात्र बहुतेक वेळा त्याच्या पायाखालच्या लाकडात असते.

धाबे म्हणजे नेमके काय?

धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. खाली खांब आणि जाड तुळया, तुळयांवर जवळजवळ ठेवलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिरफळ्या. त्यावर निंबाचा पाला, तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर, त्यावर चोपलेली माती आणि सगळ्यात वर खाऱ्या मातीचा लेप. मेळघाट जवळ असल्यामुळे ऐपतदार घरांत साग वापरला जाई. इतरत्र निंब, बाभूळ किंवा जे मिळेल ते लाकूड असे.

वऱ्हाडच्या हवेला हे छत चपखल बसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जाड माती हळूहळू तापते, म्हणून दुपारी खोली थंड राहते. अकोल्यात वर्षाचा पाऊस साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर. कोकणात असे छत एक पावसाळाही टिकणार नाही, पण इथे दरवर्षीच्या डागडुजीवर ते अनेक दशके निभावते. अडचण होते ती डागडुजी थांबल्यावर.

खारी मातीच का?

वऱ्हाडात काळ्या मातीला तोटा नाही, पण ती धाब्याच्या कामाची नाही. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा दिसतात. तशाच भेगा छताला पडल्या तर पहिला पाऊस सरळ घरात येईल.

खाऱ्या मातीत सोडियमचे क्षार जास्त असतात. पाऊस पडला की या क्षारांमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली बारीक छिद्रे बुजवतात. वरचा थर जवळजवळ बंद होतो आणि पाणी आत मुरण्याऐवजी उताराने वाहून जाते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात शेतकऱ्याला नकोसा वाटणारा गुण हाच. तिथे पाणी जमिनीत मुरत नाही, साचून राहते. शेतातली खोड छतावर कामाला येते.

या गुणाला दुसरी बाजूही आहे. सुटलेले कण वाहत्या पाण्याबरोबर सहज निघून जातात. लहानसे भोक पडले की पाणी त्याच वाटेने जाऊन ते मोठे करते. म्हणून खारी दरवर्षी टाकावी लागते आणि म्हणूनच एखाद्या वर्षाची चालढकल महागात पडते.

थेंब पडतो तिथे गळती नसते

छतात शिरलेले पाणी सरळ खाली येत नाही. ते पाल्याच्या थरातून, फळीच्या वरून, कडीच्या अंगाने उताराकडे सरकते आणि जिथे गाठ, खाच किंवा फट मिळेल तिथे ठिबकते. थेंबाची जागा आणि शिरकावाची जागा यांत पाच-सहा फुटांचे अंतर असू शकते.

पाणी शिरण्याच्या जागा बहुधा सांध्यांच्या असतात. धाबे आणि कठडा जिथे भेटतात तो कोपरा, पन्हाळीचे तोंड, धूर जाण्यासाठी किंवा उजेडासाठी ठेवलेले भोक, शेजारच्या घराची सामाईक भिंत, अलीकडे टीव्हीच्या छत्रीसाठी किंवा पाण्याच्या टाकीसाठी ठोकलेला खुंट. कठड्याच्या कडेला उगवलेले गवत किंवा पिंपळाचे रोपटे ही तर पाण्याने स्वतः लावलेली खूण.

वेळही पुष्कळ सांगते. पाऊस सुरू होताच धार लागली तर वर उघडे भोक आहे. पाऊस तासभर पडल्यावर ठिबक सुरू झाली आणि उघडीप झाल्यावरही चालू राहिली, तर माती आतपर्यंत भिजली आहे. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तिथे लाकूड दिवसचे दिवस ओले राहते.

लाकूड कधी सडते?

लाकूड नुसत्या पाण्याने सडत नाही, बुरशीने सडते. घरातल्या वाळक्या लाकडात साधारण १२ ते १५ टक्के ओल असते. ती २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचे काही चालत नाही. २५ ते ३० टक्क्यांच्या पुढे गेली आणि हवा खेळती नसली की ती लाकूड खाऊ लागते. लाकूड पुन्हा वाळले तर सडणे थांबते, पण खाल्लेली ताकद परत येत नाही. सागाच्या गाभ्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे तो बराच काळ टिकतो. त्याच्याच बाहेरच्या फिकट भागाला मात्र ते संरक्षण नसते.

सडण्याची सुरुवात बहुधा कडीच्या टोकाशी होते, म्हणजे जे टोक भिंतीत गाडलेले असते आणि डोळ्यांना दिसत नाही तिथे. भिंतीत हवा लागत नाही, वरून ओल येते आणि वाळवीला मातीतून थेट वाट मिळते. मधली कडी ठणठणीत दिसते, टोक मात्र पोकळ झालेले असते.

तपासणी साधी आहे. स्क्रूड्रायव्हर किंवा जाड खिळा कडीच्या टोकाजवळ दाबावा. पक्क्या लाकडात तो जेमतेम रुततो, सडक्यात सहज आत जातो. हातोडीने ठोकले तर चांगले लाकूड खणखणीत वाजते, पोकळ लाकूड बद्द. कडीला आलेला झोळ, खाली पडणारा भुसा, भिंतीला आलेले पोट किंवा सरकलेला खांब दिसला तर त्या खोलीत झोपणे थांबवावे.

वरच्या मातीचे ओझे किती?

दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर एक इंच चोपलेली माती म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपास वजन. फूटभर जाड थर असेल तर ते पाच टनांच्या वर जाते. पावसात माती भिजली की त्यात आणखी टनभर पाण्याची भर पडू शकते.

दरवर्षी नवी माती टाकली आणि जुनी कधीच उतरवली नाही, तर छत वर्षागणिक जड होत जाते आणि खालचे लाकूड वर्षागणिक कमजोर. म्हणूनच मातीची घरे अनेकदा पावसाच्या पहिल्या दिवशी पडत नाहीत. झड लागते, भिंती आणि छत पूर्ण भिजते आणि चौथ्या-पाचव्या रात्री घर बसते.

दुरुस्तीचा क्रम

काम उन्हाळ्यात करायचे. क्रम चुकला तर दुरुस्तीच अपघात ठरते.

१. आधी टेकू. वीज बंद करून, सामान हलवून, कड्यांच्या खाली आडवी फळी आणि तिच्याखाली मजबूत बल्ल्यांचे टेकू द्यावेत. बल्लीच्या बुडाशीही फळी हवी, नाहीतर ती जमिनीत रुतते.

२. मग माती उतरवणे. थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी. छताच्या मध्यभागी ढीग करायचा नाही आणि चार माणसांनी एका जागी उभे राहायचे नाही.

३. लाकूड उघडे करून वाळवणे. चार-आठ दिवसांचे वऱ्हाडी ऊन पुष्कळ होते.

४. सडके काढणे. फक्त टोक गेले असेल तर सडका भाग कापून, पक्क्या लाकडापर्यंत पोचणाऱ्या दोन जाड फळ्या दोन्ही अंगांनी बोल्टने आवळता येतात. तुळई गेली असेल तर ती बदलायलाच हवी आणि ते काम जाणत्या सुताराचे. नव्या-जुन्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण पाजले तर बुरशी आणि वाळवी दोन्हींना आळा बसतो. भिंतीतल्या टोकाखाली दगड ठेवावा आणि भोवती थोडी फट सोडावी, म्हणजे लाकूड श्वास घेते.

५. थर पुन्हा रचणे. पाला, गव्हांड्याची माती, चोपणे, शेवटी खारी. पन्हाळीकडे दर मीटरला अडीच-तीन सेंटीमीटर उतार हवा. पन्हाळी भिंतीपासून हातभर पुढे असावी, नाहीतर छत वाचते आणि भिंत भिजते.

प्लास्टिक, सिमेंट की टिन?

निळी ताडपत्री हा आणीबाणीचा उपाय आहे. ती पावसाळाभर घट्ट गुंडाळून ठेवली तर आतली ओल आतच कोंडते. मातीवर सिमेंटचा गिलावा त्याहून वाईट. माती हलते, गिलावा हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा पडतात. भेगांतून पाणी आत जाते, पण बाहेर वाळून जाऊ शकत नाही.

हीच चूक जगभर होते. अमेरिकेत गाडीमागे जोडून न्यायची फिरती घरे असतात. त्यांतल्या अनेकांचे छत लाकडी चौकटीवर पातळ प्लायवूड आणि वर रबराची चादर असे असते. जुना ट्रेलर घेणाऱ्याला छताची कड दाबून पाहायला सांगतात. कारण पाणी खिडकीच्या, झरोक्याच्या आणि कडेच्या सांध्यांतून शिरते, आणि आधीचा मालक अनेकदा सडक्या लाकडावरच नवा चिकट लेप फासून मोकळा झालेला असतो. वरून चकचकीत, आत भुसा. माल वेगळा, शहाणपण एकच: आधी लाकूड वाळवा आणि तपासा, मग झाका.

धाब्यावर टिनाचे छप्पर हा त्यातल्या त्यात बरा पर्याय, मात्र माती आणि टिन यांच्यामध्ये हवा खेळेल एवढी मोकळी जागा हवी. टिनाचे वजन सडक्या कड्यांवर न टाकता भिंतींवर किंवा वेगळ्या खांबांवर घ्यावे. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर रबरी वायसरसह बसवावेत, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहते. वर टिन आले की पावसाचा मारा थांबतो, मग खालची बरीचशी माती उतरवून ओझे कमी करता येते. थोडी ठेवली तर उन्हाची झळ अडते.

पडझड झाली तर?

अतिवृष्टीत घराचे नुकसान झाले तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा आणि मलबा हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांनुसार सपाट प्रदेशात घर पूर्ण पडल्यास १ लाख २० हजार रुपये ठरवले होते. अंशतः पडलेल्या कच्च्या घराला मात्र ४ हजार रुपयेच, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. एवढ्या पैशात एक धड तुळईही बदलून होत नाही. म्हणून मे महिन्यात कडीच्या टोकाला टोचलेला खिळा हीच त्या घरासाठी सगळ्यात स्वस्त मदत.