दुर्गाबाई: ऋतूंपासून कऱ्हाडपर्यंत

मराठी साहित्य संमेलनाने पन्नाशी गाठली ती १९७४ साली, इचलकरंजीत. अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. पुढचं, एक्कावन्नावं संमेलन कऱ्हाडला ठरलं. गडहिंग्लजकरांना दोन्ही गावं तशी हाकेच्या अंतरावरची. एक आपल्याच जिल्ह्यातलं, दुसरं संकेश्वरला महामार्ग गाठला की सरळ रस्त्यावरचं. या दोन संमेलनांच्या मधल्या वर्षात मात्र देशाची हवाच पालटली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. विरोधी पुढाऱ्यांची रवानगी तुरुंगात झाली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. कालपर्यंत चावडीवर मोठ्याने बोलणारी माणसं आवाज खाली आणून बोलू लागली.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या मंडपात अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या पासष्ट वर्षांच्या दुर्गा नारायण भागवत. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. कऱ्हाड हे त्यांचं घरचं मैदान, आणि त्या वेळी ते केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. नोव्हेंबरात सुटका झालेले जयप्रकाश नारायण मूत्रपिंडं निकामी झाल्याने मुंबईच्या जसलोक रुग्णालयात पडून होते. त्यांचं नाव जाहीरपणे घेणंही तेव्हा जोखमीचं होतं. दुर्गाबाईंनी ते घेतलं. जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून प्रार्थनेला उभं राहण्याचं आवाहन त्यांनी भरल्या मंडपाला केलं, तेही ज्या सरकारने जयप्रकाशांना पकडलं होतं त्याच सरकारचे मंत्री समोर असताना.

पुढे आणीबाणीचा विषय निघाला की मराठी माणूस हा प्रसंग हमखास सांगू लागला. त्यामुळे एक गैरसमजही रुजला. दुर्गाबाई म्हणजे एका संमेलनात कडाडलेली रणरागिणी, एवढीच त्यांची ओळख अनेकांच्या मनात उरली. खरं तर त्यांचा जन्म गेला तो ग्रंथालयात, आदिवासी पाड्यांत, जुन्या देवळांच्या आवारात आणि ओव्या-कोड्यांच्या टिपणांत. कऱ्हाडला दिसलेला कणा तिथेच घडला होता. ऐकीव गोष्टीवर विसंबायचं नाही, स्वतः जाऊन पाहायचं, आणि पाहिलेलं कुणाची भीडभाड न ठेवता लिहायचं, ही संशोधकाची सवय त्यांनी मंडपातही सोडली नाही इतकंच.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, इंदूरचा. घराणं विद्येचं. संस्कृतचे पंडित आणि परखड सुधारक राजारामशास्त्री भागवत त्याच घराण्यातले. पुढे त्यांच्या निवडक लेखनाचे खंड दुर्गाबाईंनीच संपादित केले. वडील रसायनशास्त्रज्ञ. धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मुलींना घेत नाही म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तिला नकार दिला, तेव्हा ती हटून बसली आणि १९३३ साली प्रवेश मिळवूनच उठली. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेटही तिने मिळवली. एकीने प्रयोगशाळा धरली, दुसरीने लोकजीवन. नाही म्हणणाऱ्यासमोर मुकाट न उठण्याचा गुण मात्र दोघींत सारखाच होता.

महात्मा गांधींच्या चळवळीसाठी दुर्गाबाईंनी काही काळ शिक्षण सोडलं, मग मुंबईत ते पुरं केलं. एम. ए.साठी त्यांनी विषय घेतला प्राचीन बौद्ध संघातल्या न्यायव्यवस्थेचा. त्यानंतर त्या मध्य प्रदेशच्या जंगलात आदिवासींच्या अभ्यासाला गेल्या. तिथे अन्नातून विषबाधा झाली, शरीर पार खचलं आणि ऐन उमेदीची कित्येक वर्षं अंथरुणात गेली. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. काही काळ त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत समाजशास्त्राचं काम पाहिलं, पण नोकरीच्या खुर्चीत त्या फार रमल्या नाहीत. त्यांचं खरं बस्तान बसलं मुंबईच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. लग्न नाही, पदाची हाव नाही, गट-तट नाही. काढून घेता येईल असं फारसं काही सत्तेच्या हाती त्यांनी ठेवलंच नव्हतं.

मराठी वाचकाला त्यांनी जिंकलं ते ‘ऋतुचक्र’ने. हे पुस्तक १९५६ चं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने, बारा लेख. चैत्राच्या लेखाला त्यांनी नाव दिलं ‘वसंतहृदय चैत्र’. निसर्गावर लिहायचं म्हटलं की आपल्याकडे कोकिळा आणि चांदणं ठरलेलं. दुर्गाबाईंनी पाहिलं ते वेगळंच. कोवळ्या पालवीचा रंग नेमका कोणता, मोहोर गळून बाळकैरी धरते तेव्हा झाड कसं दिसतं, ज्या फुलांची कवींनी दखल घेतली नाही ती कधी फुलतात, याची बारकाईने ठेवलेली नोंद म्हणजे हे पुस्तक. त्या नोंदीत मधूनच एखादा व्रताचा संदर्भ येतो, एखादी लोकसमजूत येते, संस्कृत काव्यातली एखादी आठवण येते, आणि वनस्पतिशास्त्र, पुराण आणि परसदार एकाच परिच्छेदात नांदतात. हिरण्यकेशीच्या काठाने चैत्र-वैशाखात फिरणाऱ्याने हे पुस्तक पिशवीत टाकून न्यावं. पळस-पांगाऱ्याचे भडक रंग तर कुणालाही दिसतात. त्यांच्यामागची फिकी, लाजरी पालवी पाहायला दुर्गाबाई शिकवतात.

‘व्यासपर्व’ आलं १९६२ मध्ये. द्रोण, अश्वत्थामा, कर्ण, एकलव्य, द्रौपदी अशा महाभारतातल्या माणसांवरचे हे लेख. पाच वर्षांनी इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आलं. विषय एकच, दोघी विदुषी समाजशास्त्र कोळून प्यायलेल्या, तरी वाटा साफ वेगळ्या. इरावतीबाई महाभारताची उलटतपासणी घेतात. कोण कुणाचा कोण, वारसा कुणाकडे गेला, खांडववन जाळण्यामागे काय होतं, असे त्यांचे प्रश्न. दुर्गाबाई व्यासांच्या काव्याला शरण जातात आणि माणसाच्या मनातल्या अंधाऱ्या जागा शोधतात. अश्वत्थाम्याची न मिटणारी जखम त्यांना शोकात्म प्रतिमा म्हणून दिसते. दिवाळीच्या सुट्टीत ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली तर एकाच ग्रंथाकडे किती वेगवेगळ्या नजरांनी पाहता येतं, याचा धडा घरबसल्या मिळतो.

‘पैस’ हे १९७० चं पुस्तक. त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रवरेकाठच्या नेवासे गावी एक दगडी खांब आहे. ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, असं परंपरा मानते. तोच हा पैसाचा खांब. खांब साधाच आहे, कोरीवकामाचा डौल त्याला नाही, मूळ मंदिरही उरलेलं नाही. भाविक येतो, कपाळ टेकतो, निघतो. दुर्गाबाई तिथे रेंगाळतात. दगड पाहतात, त्याच्यावरचा लेख पाहतात, भोवतीच्या मोकळ्या माळाकडे पाहतात. भक्ती आणि चिकित्सा यांतली एकच निवडली पाहिजे असं त्यांना वाटत नाही. याच पुस्तकात त्या पंढरपूरच्या विठोबाकडेही जातात.

विठोबाच्या वाटेवर गडहिंग्लजच्या वाचकाचे कान टवकारतात, कारण संतांनी ज्याला कानडा म्हटलं त्या देवाचा मुलूख आपल्या शिवेला लागूनच आहे. इथल्या घराघरांत मराठी आणि कन्नड एकाच चुलीवर शिजतात. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माकडे इथून माणसं निघतात ती परडी घेऊन, भंडारा उधळत. या प्रदेशाच्या देवदेवतांचा मोठा अभ्यास डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ आणि ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथांत केला. जोगतिणी आणि जोगत्यांच्या आयुष्याची दुखरी बाजू याच तालुक्यातल्या राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून मांडली. देवदासी प्रथा मोडण्याच्या चळवळीचं गडहिंग्लज हे एक महत्त्वाचं केंद्र होतं. लोकपरंपरेत सौंदर्य असतं, तशीच तिच्या पोटात जुलमाची गाठही असते, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

दुर्गाबाईंचं लोकसाहित्याचं काम म्हणूनच आपल्याला जवळचं वाटायला हवं. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून त्यांनी मराठीत या विषयाला शास्त्राची बैठक दिली. तोवर लोकगीतं म्हणजे भाबडी, गोड गाणी, अशी शहरी समजूत होती. गोष्टींचे प्रकार कसे पाडायचे, एकच कथा गावोगाव रूप कशी बदलते, विधी आणि गाणं यांचं नातं काय, हे त्यांनी जगभरच्या अभ्यासाच्या उजेडात मांडलं. भारतीय कोड्यांवर तर त्यांनी इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, १९६५ मध्ये. वेदांतल्या ब्रह्मोद्यापासून खेड्यातल्या आजीच्या कोड्यापर्यंत सगळ्याला त्यांनी एकाच गांभीर्याने हात घातला. जातककथा मराठीत आणताना ‘सिद्धार्थ जातक’चे सात खंड केले. अस्वलावर एक पुस्तक लिहिलं, कादंबरीकार केतकरांवर एक. आणि स्वयंपाकावर ‘खमंग’. ही यादी पाहून कुणी म्हणेल की बाईंना कुठे थांबायचं कळत नव्हतं. पण त्यांच्या लेखी पुरणपोळीची कृती हाही संस्कृतीचा दस्तऐवजच होता, ताम्रपटाइतकाच तपासून घ्यावा असा.

त्यांना आवडलेल्या परदेशी लेखकांत अमेरिकेचा हेन्री डेव्हिड थोरो फार वरच्या जागी होता. त्याच्या ‘वॉल्डन’चं त्यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ असं मराठी रूप केलं. तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा, मुंग्यांची लढाई टक लावून पाहणारा हा माणूस १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात राहिला होता. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही, हा त्याचा हट्ट. त्याच अनुभवातून सविनय कायदेभंगावरचा त्याचा निबंध आला, आणि तो गांधीजींनाही मोलाचा वाटला. झाडं पाहणारा माणूस सरकारच्या आड कसा येतो, याचं उदाहरण दुर्गाबाईंनी कऱ्हाडच्या कितीतरी आधी मराठीत आणून ठेवलं होतं.

कऱ्हाडनंतर काही महिन्यांतच, १९७६ मध्ये, त्यांना अटक झाली. पोलिस त्यांना घ्यायला आले ते एशियाटिकच्या ग्रंथालयात, त्यांच्या नेहमीच्या जागी. सुटल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे आणि दुर्गाबाई, म्हणजे इचलकरंजी आणि कऱ्हाडचे दोन्ही अध्यक्ष, आणीबाणीच्या विरोधात प्रचाराला उतरले. पुढे सरकारी मानसन्मान दारात आले तेव्हा दुर्गाबाईंनी ते परत पाठवले. पद्मश्रीसुद्धा.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. जीभ तिखट होती. ‘आठवले तसे’ या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी भल्याभल्या समकालीनांना सोललं, आणि ते वाचून अनेकजण दुखावले. संस्कृतप्रचुर, लांब श्वासाची त्यांची वाक्यं आजच्या तरुण वाचकाला दमवतात. काही निष्कर्ष पुढच्या संशोधनाने मागे टाकले असतील, तेही अभ्यासात चालायचंच. ज्यांना मोठे ग्रंथ जड वाटतात त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. प्रतिभा रानडे यांनी त्यांच्याशी मारलेल्या गप्पा ‘ऐसपैस गप्पा: दुर्गाबाईंशी’ या पुस्तकात आहेत. त्यात स्वयंपाकापासून राजकारणापर्यंत बाई मोकळ्याढाकळ्या बोलतात, मध्येच चिडतात, मध्येच मिश्किल होतात. तिथून ‘ऋतुचक्र’ आणि मग ‘पैस’ असा क्रम धरला तर वाट चढणीची वाटत नाही.

७ मे २००२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. संमेलनाच्या मांडवात राजकारणी कुठे बसावेत हा वाद अजून दर वर्षी नव्याने रंगतो. २०२५ च्या दिल्लीतल्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनाचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं, स्वागताध्यक्ष शरद पवार होते आणि अध्यक्ष होत्या सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर. तोवरच्या साऱ्या संमेलनांत अध्यक्षपद मिळालेल्या स्त्रिया अवघ्या सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. त्यांतल्या तिघी, दुर्गाबाई, अरुणाताई आणि ताराबाई, लोकसाहित्याच्या अभ्यासक आहेत.