उंच केलेल्या पिकअपला कोणती चाकं, कोणते टायर?

जबलपुरात उंच गाडीचं कौतुक नवं नाही. १९६९मध्ये इथे व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि निस्सानच्या परवान्यावर बनलेली जोंगा १९९९पर्यंत तिथूनच लष्कराला मिळत होती. लिलावात निघालेल्या जोंगा हौशी लोकांनी अजून जपून ठेवल्या आहेत. आता रस्त्यावर इसुझूची व्ही-क्रॉस दिसते, २०२२पासून टोयोटाची हायलक्सही आली. त्यातल्या काही ‘लिफ्ट’ केलेल्या असतात, म्हणजे स्प्रिंग, शॉक ॲब्झॉर्बर किंवा मागचे पाटे बदलून दीड-दोन इंच उचललेल्या.

गाडी उचलली की पुढचा प्रश्न चाकांचा येतो, आणि पैसा सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. बहुतेक जण आधी दिसायला छान अशी रिम पसंत करतात, मग तिच्यावर बसेल असा टायर शोधतात. क्रम उलटा हवा. आपली गाडी कुठे आणि किती ओझं घेऊन चालते ते आधी, त्यावरून टायर, आणि टायरवरून रिम.

त्याहीआधी कागद बघा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाजोगता बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं; त्यात अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडी एमपी २० पासिंगची असेल तर इथल्या परिवहन कार्यालयाला आणि आपल्या विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर दाव्याच्या वेळी तोंडी ‘चालतं हो’ कामाला येत नाही. कंपनीने आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटवर दिलेला टायर आणि रिम घेणं हा सगळ्यात निर्धोक मार्ग.

लिफ्टने नेमकं काय उंच होतं, हे एकदा गाडीखाली वाकून पाहा. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी आसाच्या मध्यावर एक फुगीर गोळा दिसेल. तो डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकात वाटणारी गिअरपेटी. लिफ्टमुळे चासी आणि बॉडी वर जाते, गोळा मात्र होता तिथेच राहतो, कारण तो आसाचाच भाग आहे. वाटेतल्या दगडावर सगळ्यात आधी तोच आपटतो. तो वर उचलायचा तर टायरचा व्यास वाढवण्याखेरीज उपाय नाही, आणि व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच अंतर खाली मिळतं.

आता टायरवरचा आकडा वाचू. समजा आपल्या टायरवर २४५/७० आर १६ असं लिहिलंय. २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, साधारण १७१ मिमी. आर म्हणजे रेडियल, हल्लीच्या बहुतेक टायरांची बांधणी. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. दोन्ही भिंती मिळून ३४३ आणि रिमचे ४०६, म्हणजे अख्ख्या चाकाचा व्यास ७४९ मिमी.

याच रिमवर २६५/७० आर १६ चढवला तर व्यास ७७७ मिमी होतो. वाढ २८ मिमीची, म्हणजे गोळ्याखाली मिळाले फक्त १४ मिमी. या १४ मिमीची किंमतही मोजावी लागते. चाक ३.७ टक्क्यांनी मोठं झालं, त्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ८३ने धावत असेल. चढावर गिअर लवकर उतरवावा लागेल, आणि जड चाक थांबवताना ब्रेकवर जास्त ताण येईल. मूळ व्यासापेक्षा फरक तीन टक्क्यांच्या आसपास ठेवावा हा सर्वसाधारण आडाखा यासाठीच आहे.

याउलट, २६५/६५ आर १७ टायरच्या हायलक्सला कुणी २८५/७० आर १७ लावतो, तेव्हा व्यास ७७६वरून ८३१वर जातो. ही सात टक्क्यांची उडी झाली. दिसायला गाडी दमदार दिसते, पण वळताना टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासतो आणि मग तिथे कापाकापी सुरू होते. दोन इंचांच्या लिफ्टवर एक पायरी मोठा टायर पुरे, याहून पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिफ्टच केली नसेल तर मूळ मापच ठेवा.

टायरच्या जातीकडे वळू. बाजारात तीन नावं ऐकू येतात. एच/टी म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर: नक्षी बारीक, आवाज कमी, ओल्या रस्त्यावर पकड चांगली. एम/टी म्हणजे चिखलाचा टायर: मोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद मोकळ्या जागा. ए/टी हा दोन्हींच्या मधला.

जबलपूरच्या माणसाने हा निर्णय आपल्या काळ्या मातीकडे बघून घ्यावा. इथल्या ‘हवेली’ पट्ट्यात शेताला उंच बांध घालून पावसाचं पाणी साठवायचं, ते सोडून दिल्यावर गहू-हरभरा पेरायचा, ही जुनी रीत. त्या भागातली कच्ची वाट पावसाळ्यात टायरची नक्षी बघता बघता भरून टाकते. चिकण माती एकदा ठोकळ्यांमध्ये बसली की टायर गुळगुळीत होतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. एम/टीच्या मोकळ्या जागा रुंद असल्यामुळे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. ए/टीत ती बरीचशी अडकून राहते.

तेवढ्यावरून एम/टी घ्यायला मात्र धावू नका. लखनादोन, सिवनी करत नागपूरपर्यंतचे पावणेतीनशेच्या घरातले किलोमीटर डांबरी किंवा सिमेंटचे आहेत. त्या रस्त्यावर एम/टी सतत घोंघावतो, लवकर झिजतो, आणि पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी असतं. शेत रोजचं असेल आणि वाट काळ्या मातीची असेल तरच एम/टी. शेतावर अधूनमधून जाणं, बरगी किंवा मंडल्याकडे मुरुमाच्या वाटा आणि बाकी शहर, एवढं असेल तर ए/टी. गाडी डांबर सोडतच नसेल तर एच/टी घ्या. उंच गाडीला तो शोभत नाही असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

मापानंतर लगेच एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ११२ एस. इकडे फारसं कुणी बघत नाही, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आकडा हा भारांक, म्हणजे एक टायर किती वजन पेलेल त्याचा संकेत. ११२ म्हणजे ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो, १०४ म्हणजे अवघे ९०० किलो. एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंतचा वेग. मूळ टायरपेक्षा भारांक कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी पिकअपवर चढवू नका. रिकाम्या गाडीत काही कळत नाही. मागे सिमेंटची पोती भरून मे महिन्याच्या दुपारी निघालं की टायर आतून तापतो आणि फुटतो.

मापाच्या आधी किंवा शेवटी ‘एलटी’ अक्षरं असतील तर तो हलक्या ट्रकसाठी जास्त थरांचा बनवलेला टायर. त्यावर १२१/११८ असे दोन भारांक दिसतील; आपल्या गाडीला मागे एका बाजूला एकच चाक असतं, म्हणून पहिला आकडा धरायचा. हा टायर टोकदार खडीला दाद देत नाही, पण जड आणि कडक असतो. त्याला तेवढंच ओझं पेलायला हवाही जास्त लागते, त्यामुळे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा हवेचा आकडा त्याला लागू पडत नाही. टायर कंपनीच्या भार-तक्त्यावरून आकडा काढून घ्या.

पैसे देण्याआधी टायरचं वयही बघा. बाजूवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात. २३२४ असेल तर तो २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाचही टायरांवरची तारीख बघा, दुकानदाराने काढून दिलेल्या एकाच टायरवरची नव्हे.

आता रिम. व्यास वाढवायचा मोह टाळा. ७७६ मिमीच्याच चाकात १७ इंची रिम असेल तर टायरची भिंत १७२ मिमी मिळते. २० इंची घेतली तर १३४ मिमी. खड्ड्याचा दणका ही भिंतच झेलते. ती आखूड झाली की दणका थेट रिमवर जातो. ॲलॉयला तडा जातो. पोलादी रिम वाकते, पण तिचा आधार घेऊन निदान गावापर्यंत येता येतं.

रुंदीचं गणित सोपं आहे. २६५/७० आर १६ टायर साधारण ७ ते ९ इंच रुंदीच्या रिमवर बसतो, मध्य ८ इंच. प्रत्येक टायरची अशी मर्यादा कंपनीच्या तक्त्यात दिलेली असते.

खरी गोम ऑफसेटमध्ये आहे. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेघ काढली, तर गाडीच्या हबला टेकणारा रिमचा पृष्ठभाग त्या रेघेपासून किती मिलिमीटर सरकलेला आहे, तो ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला तो ‘ईटी ३०’ असा कोरलेला असतो. समजा मूळ रिम साडेसात इंच, ईटी ३० आहे आणि आपण साडेआठ इंच, ईटी ० घेतली. रुंदीमुळे बाहेरची कड सुमारे १३ मिमी सरकली, ऑफसेटमुळे आणखी ३०. चाक एका बाजूला ४३ मिमी बाहेर आलं! आता ते मडगार्डच्या बाहेर डोकावतं, चिखल दारांवर आणि मागच्याच्या काचेवर उडवतं, स्टीअरिंग जड होतं, आणि हबच्या बेअरिंगवर रोजचा जादा ताण पडतो. मूळ आकड्यापासून दहा-पंधरा मिमीपेक्षा जास्त लांब जाऊ नका. रिम बाहेर ढकलण्यासाठी मध्ये स्पेसरच्या चकत्या घालायला कुणी सांगितलं तर सरळ नकार द्या.

नटांची जुळणी राहिली. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींना सहा नट, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर; या मापाला पीसीडी म्हणतात. पीसीडी जुळला म्हणजे रिम जुळली असं नाही. हायलक्सच्या हबचा मधला उंचवटा १०६.१ मिमीचा आहे. रिमचं भोक त्याहून लहान असेल तर ती बसणारच नाही; मोठं असेल तर मध्ये कडं घालावं लागतं, नाहीतर वेगात स्टीअरिंग थरथरतं. नटांचं टोकही बघा. काही रिमना निमुळत्या टोकाचे नट लागतात, काहींना चपट्या वॉशरचे. चुकीचा नट हाताला घट्ट लागतो आणि रस्त्यावर सैल होतो.

पाचही टायर चढवण्याआधी एकच चाक पुढे लावून पाहा. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर, बंपरच्या मागच्या कोपऱ्यावर आणि आत सस्पेन्शनच्या वरच्या आर्मजवळ खडूचे जाड पट्टे ओढा. स्टीअरिंग एका टोकापर्यंत फिरवा, मग दुसऱ्या; दोन्ही वेळा गाडी थोडी पुढे-मागे घ्या. मग ते चाक एखाद्या ओट्यावर किंवा बांधावर हळूच चढवा, म्हणजे स्प्रिंग दबेल, आणि पुन्हा स्टीअरिंग फिरवा. उतरून खडू बघा. जिथे पुसला गेलाय तिथे टायर लागतोय. सपाट फरशीवर उभ्या गाडीत ही घासणी कधीच दिसत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तपासणी तेवढ्यावरच थांबते.

स्टेपनी विसरू नका. फोर-बाय-फोर लावल्यावर वेगळ्या व्यासाचं एक चाकसुद्धा गिअरपेटीला पीळ देतं, म्हणून पाचवा टायर त्याच मापाचा हवा. तो गाडीखालच्या साखळीत मावतो का, सायलेन्सरला टेकत नाही ना, हे दुकानातच बघा. गाडीबरोबर आलेला जॅक उचललेल्या गाडीला बहुधा पुरत नाही. उंच जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी घ्या.

सगळं बसल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. लिफ्टने चाकांचे कोन आधीच बदललेले असतात. ते न सुधारता पळवलं तर नवे टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटही खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. चालून टायर तापला की दाब आपोआप चढतो. तेव्हा हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी कमी भरते. चिखलात हवा कमी केली असेल तर डांबरावर येताच पुन्हा भरा, त्यासाठी छोटा पंप गाडीतच ठेवा.

नवी रिम लावून पहिले शंभर किलोमीटर झाले की सगळे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने, टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. नव्या रिमवर नट पहिल्या फेरीत थोडे बसतात. टायरवाला हे करायला बोलावत नाही. आपणच जायला हवं.