बादलीतला नत्र आणि इंदूरचे वाड

एका वाचक भगिनींनी दोन तक्रारी एकाच पत्रात कळवल्या आहेत. स्वयंपाकघरातला ओला कचरा बादलीत साठवून त्या खत करतात. आठवडाभरात उग्र वास सुटला, अळ्या झाल्या. मग कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी त्यात लाकडाचा भुसा भरपूर घातला. वास गेला, खत काळसर दिसू लागलं. पण कुंड्यांत घालताच टोमॅटो आणि मिरचीची रोपं पिवळी पडली. ‘सेंद्रिय खतानेही झाडं आजारी पडतात का?’ असं त्या विचारतात.

पडतात. आणि दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण.

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात एक भाग नत्रामागे साधारण ८ भाग कर्ब असतो. पण ८ भाग कर्ब अंगी लावायचा तर सुमारे १६ भाग ऊर्जेसाठी खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. आठ आणि सोळा, चोवीस! म्हणजे त्यांना मानवणारं प्रमाण २४ला १. कचऱ्यातला सगळाच कर्ब त्यांना पचत नाही, म्हणून ढीग रचताना २५ ते ३० धरतात. खतावरच्या प्रत्येक पुस्तकात दिसणारा हा आकडा इतक्या साध्या बेरजेतून येतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

कर्ब ही जिवाणूंची भाकरी आणि नत्र ही डाळ. भाज्यांची देठं, सालं, उरलंसुरलं अन्न यांत डाळ जास्त. ती संपेना की उरलेल्या नत्राचा अमोनिया होऊन नाकाशी येतो. सुका पाला आणि त्याहून कितीतरी जास्त लाकडाचा भुसा म्हणजे भाकऱ्यांची चळत. भुशात एका भाग नत्रामागे कर्ब काहीशे भाग असतो. मग डाळीसाठी जिवाणू शेजारच्या ताटात हात घालतात. कुंडीत ते शेजारचं ताट टोमॅटोचं असतं.

हा हिशेब शेतात उतरवण्याचं मोठं काम आपल्या जवळ, होळकरांच्या इंदुरात झालं. १९२४ साली तिथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. १९०५पासून ते बिहारमधल्या पुसा इथे होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. १९३०मध्ये गॅब्रिएल यांचं निधन होईपर्यंत दोघांचं काम जोडीनेच चाललं. इंदूरच्या संस्थेत कपाशीच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जात. मग त्या, तण आणि पाला यांच्या थरांवर शेणकाला, राख आणि बैलांच्या गोठ्यातली मूत्र मुरलेली माती पडे. पऱ्हाट्यांत कर्ब, मूत्रमातीत नत्र, आणि राखेने आंबटपणा कमी. अधूनमधून ढीग पलटला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचतं, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर रचत.

१९३१ साली या पद्धतीचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. ढिगात नत्र किती गेला, किती टिकला, किती उडाला हे तराजू आणि परीक्षानळीनेच कळतं, आणि हे मोजमाप झालं म्हणूनच ‘इंदूर पद्धत’ दुसऱ्या मातीत, दुसऱ्या देशांत करून बघता आली. हॉवर्ड त्याच वर्षी भारतातून गेले, आणि १९४०मध्ये आलेल्या त्यांच्या आणखी एका पुस्तकामुळे जगभर सेंद्रिय शेतीचे जनक ठरले. वाड मात्र संदर्भसूचीत राहिले. हॉवर्ड गेल्यावरही त्यांचं काम थांबलं नव्हतं: १९३४मध्ये एफ. के. जॅक्सन यांच्यासह त्यांनी वस्तीतल्या कचऱ्याची आणि मैल्याची याच पद्धतीने विल्हेवाट लावून खत कसं करावं, यावर लिहिलं. शहरातला कचरा आणि शेतातलं खत यांची गाठ घालणाऱ्या माणसाचं नाव आपल्या प्रत्येक गच्चीवरच्या बागेत माहीत असायला हवं.

आता बादलीकडे. एक माप ओल्या कचऱ्यावर दोन मापं सुका पाला, हे प्रमाण सुरुवातीला पुरतं. पाला नसेल तर वर्तमानपत्राचे किंवा पुठ्ठ्याचे कपटे चालतात. बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं हवीत. हवा कोंडली की आंबूस, कुजका वास येतो, आणि त्यावर पाल्याबरोबर ढवळणं हाच उपाय. मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब गळावा, इतकाच ओलावा ठेवा. अळ्या जाड, करड्या-तपकिरी असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या कचरा झपाट्याने फस्त करतात. त्यांना मारू नका, वर पाल्याचा जाड थर द्या.

पिवळ्या रोपांचं निदान पानं बघून करा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे, कारण झाड जुन्या पानांतला नत्र काढून नव्यांना देतं. अशा कुंडीत मुरलेलं गांडूळखत किंवा थोडी शेंगदाणा पेंड घाला. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह मुळांना मिळत नाही. तिथे आधी पाण्याचा निचरा तपासा.

उलट टोक मावा दाखवतो. नत्र फार झाला की शेंडे लुसलुशीत होतात, रसातली अमिनो आम्लं वाढतात आणि माव्याची पैदास फोफावते. तेव्हा आधी खत थांबवा, पाण्याच्या जोरदार धारेने किडे उडवा, आणि मगच लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांना मेणाचं कवच असतं, म्हणून ते साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने खरवडावे लागतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा. गोड चिकट्यासाठी मुंग्या या किड्यांची राखण करतात.

केळ्याच्या सालीचं पाणी, अंड्याच्या टरफलांचा चुरा असे उपाय मोबाइलवर रोज फिरतात. सालीत पालाश आहे, पण नत्राची उणीव ती भरत नाही. तिची जागा ढिगात. टरफलांतला चुना मातीत फार सावकाश विरघळतो, आणि टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुतेकदा पाणी अनियमित दिल्यामुळे.

खत मुरलं की नाही, हे मेथीला विचारा. एका पेल्यात निम्मं खत, निम्मी माती. दुसऱ्यात नुसती माती. दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे. आठवड्याने उगवलेले मोजा, पानांचा रंग पाहा. खताच्या पेल्यात कमी उगवले किंवा रोपं पिवळी पडली, तर खत कच्चं आहे; ते आणखी महिनाभर बादलीत राहू द्या. अंदाजावर न विसंबता मोजून बघायचं, एवढं पाळलं तर खर्चिक औषधांची गरज बागेला क्वचितच पडते.