सॅमो लॉ : एका अबोल पोलिसाची आठवण

मारामारीच्या एका परदेशी मालिकेवर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लेख असावा काय, असा प्रश्न संपादक मंडळाला पडेल, याची मला कल्पना आहे. कालिदास आणि केशवसुत यांच्या शेजारी गुद्दे आणि लाथा शोभत नाहीत, हे मान्य. पण काही गोष्टी आपल्याला घडवितात त्या अभ्यासक्रमाला विचारून नव्हे. मला अकरावीच्या वर्षी ज्याने धीर दिला, तो कोणी कवी नव्हता. तो होता शांघायचा एक गोलमटोल पोलीस अधिकारी, सॅमो लॉ.

‘मार्शल लॉ’ ही मालिका अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर २६ सप्टेंबर १९९८ रोजी सुरू झाली आणि मे २००० मध्ये संपली. दोन पर्व आणि चव्वेचाळीस भाग, एवढेच तिचे आयुष्य. कथा साधी होती. शांघायचा अधिकारी सॅमो लॉ आपल्या एका शिष्येच्या शोधात लॉस एंजेलिसला येतो. ती गुप्त पोलीस म्हणून ली हे नावाच्या गुन्हेगाराच्या टोळीत शिरलेली असते. पुढे तो तेथील पोलीस पथकातच काम करू लागतो. मालिका निर्माण केली कार्लटन क्यूज यांनी. सॅमो लॉची भूमिका करणारे नट होते हाँगकाँगचे सॅमो हंग. शिष्येच्या भूमिकेत केली हू होती. आणि काही भागांनंतर आर्सेनिओ हॉल हा बोलका विनोदी नट जोडीला आला.

आमच्याकडे केबल नव्हती. शेजारच्या काकांकडे होती, आणि ते बातम्या संपल्याशिवाय वाहिनी बदलू देत नसत. उंबऱ्याजवळ बसून मी वाट पाहत असे. मी अंगाने स्थूल. वर्गात माझे नाव ‘भोपळा’. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला. अकरावीत एका तासाला मला उभे करून इंग्रजीत दोन वाक्ये बोलावयास सांगितले. पहिले वाक्य अर्ध्यावर तुटले आणि सारा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. अशा दिवसांत मी पडद्यावर पाहिले, की माझ्यापेक्षाही जाड असा एक मनुष्य, ज्याला इंग्रजी बेताचेच येते, तो मालिकेचा नायक आहे! तो भिंतीवर पाय देऊन उलटी कोलांटी घेतो, हाताला येईल त्या वस्तूने चारचौघांना लोळवितो, आणि मग संकोचल्यासारखा हसतो.

हे शरीर आले कोठून, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. सॅमो हंग यांचा जन्म १९५२ साली हाँगकाँगमध्ये झाला. वयाच्या नवव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांना यू जिम-युएन या गुरूंच्या शाळेत घातले. ही शाळा कुस्तीची नव्हे, पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाटकाची. आपल्याकडील जुन्या नाटक कंपन्यांत मुले लहानपणी दाखल होऊन तेथेच वाढत, तसाच काहीसा प्रकार. गाणे, अभिनय, कोलांट्या, शस्त्रे हे सारे एकाच वेळी शिकावयाचे, चुकले की मार खावयाचा. पुढे जगप्रसिद्ध झालेले जॅकी चॅन आणि युएन बियाओ हे त्याच शाळेतील, सॅमोंपेक्षा लहान. गुरूच्या नावातील ‘युएन’ हा शब्द शिष्य आपल्या नावाला लावीत. १९८८ च्या ‘पेंटेड फेसेस’ या चित्रपटात सॅमोंनी आपल्या या गुरूंचीच भूमिका केली. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्या अंगात शिरून त्याला समजून घेणे, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

त्यांच्या नावाचीही एक गंमत आहे. झांग लेपिंग या चित्रकाराने १९३५ साली ‘सानमाओ’, म्हणजे ‘तीन केस’, या नावाचा एक चित्रकथेतील मुलगा निर्माण केला. हा मुलगा अनाथ, उपाशी आणि काटकुळा. त्याच्यावरूनच ‘सॅमो’ हे टोपणनाव पडले. काटकुळ्याचे नाव धारण करून हा मनुष्य जगातला सर्वांत चपळ जाड नट झाला!

आता थोडे त्या मारामारीविषयी. आपल्या नेहमीच्या चित्रपटांत गुद्दा दिसत नाही. गुद्द्याचा आवाज ऐकू येतो आणि दुसऱ्या दृश्यात खलनायक पडलेला असतो. हाँगकाँगच्या पद्धतीत कॅमेरा मागे सरतो आणि दोन्ही देह पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत दिसतात. वार, चुकवणे, प्रतिवार, असा तालाचा एक तुकडा सलग घेतात. मगच दृश्य तोडतात. क्षणभर थांबून घेतलेला पवित्रा हा सरळ ऑपेराच्या रंगमंचावरून आलेला. आपल्याकडील नृत्यातल्या समेसारखाच. तेथे मारामारीचा आराखडा करणारा हाच त्या प्रसंगाचा खरा दिग्दर्शक असतो, आणि एकेका झुंजीवर कित्येक दिवस खर्च होतात. अमेरिकन मालिकेचा अख्खा भाग मात्र साधारण आठवड्याभरात चित्रित करावा लागतो. या घाईतही ‘मार्शल लॉ’तील झुंजी डोळ्यांत भरत, याचे कारण सॅमोंचे शिक्षण आणि पहिला भाग दिग्दर्शित करणारे स्टॅनली टाँग यांचा हाँगकाँगमधील अनुभव.

हे सारे कौतुक खरे. परंतु आज ती मालिका आठवताना मनात एक काटाही सलतो. सॅमोंचे इंग्रजी मर्यादित, म्हणून त्यांना संवाद थोडे दिले गेले आणि बोलण्याची कामगिरी आर्सेनिओ हॉलकडे गेली. त्याच सप्टेंबरात जॅकी चॅनचा ‘रश अवर’ प्रदर्शित झाला होता. तेथेही जोडीला तोंडाळ विनोदवीर होताच. चिनी माणसाने लढावे आणि दुसऱ्याने बोलावे, अशी जणू वाटणीच ठरली. मला तेव्हा सॅमो लॉचे मौन भारदस्त वाटे. पण ते मौन त्याने निवडलेले नव्हते. स्वतःच्या भाषेत हाच मनुष्य दिग्दर्शक होता. १९७७ पासून तो चित्रपट दिग्दर्शित करीत होता. १९८० च्या ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’मध्ये त्याने भुते आणि विनोद यांची जी मिसळ केली, तिच्यातून हाँगकाँगमध्ये भूतपटांची एक परंपराच निघाली. त्या चित्रपटांत तो बोलतो, थट्टा करतो, रडतो, फसवतो. अमेरिकेच्या पडद्यावर त्याचे बाहू आले. बुद्धी मात्र बरीचशी विमानतळावरच राहिली.

हे मला कळले तेव्हा अकरावीचा तो तास पुन्हा आठवला. त्या दिवशी माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, असे नाही. त्या भाषेत ते सांगता येत नव्हते, इतकेच. हसणाऱ्या वर्गाला या दोहोंतला फरक दिसला नाही, आणि वाईट असे की बरेच दिवस मलाही दिसला नाही. आज मी स्वतः वर्गात शिकवतो. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेली मुले दिसली, की त्यांना मी प्रश्न विचारतो आणि सांगतो, ‘आधी मराठीत सांग.’ उत्तर पुष्कळदा पुढच्या बाकावरच्यांपेक्षा चांगले असते. मग तेच आम्ही दोघे मिळून इंग्रजीत मांडतो.

‘मार्शल लॉ’ काही थोर कलाकृती नव्हती. कथानके ठोकळेबाज होती, आणि दुसऱ्या पर्वात दोन मुख्य पात्रे वगळल्यावर ती अधिकच विसविशीत झाली. पण उंबऱ्यात बसलेल्या एका लठ्ठ, गप्प मुलाला तिने सांगितले, की जड देहही हलका होऊ शकतो, मात्र त्यापाठीमागे बालपणापासूनची मेहनत असावी लागते. आणि न सांगताच आणखी एक गोष्ट शिकविली : एखादा मनुष्य गप्प असेल, तर त्याला बोलता येत नाही असे समजण्यापूर्वी, आपण त्याला कोणत्या भाषेत विचारले, हे पाहावे.