भिंत ओलांडताना वाढणारे 44 सेंटिमीटर

अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ लहर 45 सेंटिमीटर जाडीच्या विटेच्या भिंतीतून गेली, की पलीकडची वस्तू आहे त्याहून सुमारे 44 सेंटिमीटर लांब भासते. बुऱ्हाणपुरात शनवारा, इतवारा भागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती पाहिल्या, की हा आकडा पुस्तकी वाटत नाही.

हे तंत्र अंतर मोजतं ते वेळेवरून. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, लहर हवेतून 30 सेंटिमीटर जाते. विटेत तिचा वेग जवळपास निम्मा होतो. भिंतीत गेलेला जास्तीचा दीड नॅनोसेकंद यंत्र अंतर म्हणूनच मोजतं.

आता नव्या वस्तीतली 15 सेंटिमीटरची काँक्रीटची भिंत घ्या. तिथे अंतर जेमतेम 19 सेंटिमीटरने फुगतं, पण लहर पार थकते. साडेसहा गिगाहर्ट्झला कोरड्या विटेच्या त्या जाड भिंतीतून साधारण सोळावा हिस्सा शक्ती पलीकडे पोचते, तर काँक्रीटमधून शंभरावा हिस्साही नाही. (हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या स्थिरांकांवरून काढलेले हिशेब आहेत, ओल आली की घट आणखी वाढते.) मुळात शक्तीच तुटपुंजी: अमेरिकेने 2002 साली घातलेल्या मर्यादेनुसार 500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरासरी अवघे 37 मायक्रोवॅट.

म्हणून मला जुनी भिंत जास्त भरवशाची वाटते. ती चुकवते, पण दरवेळी एकाच दिशेने; जाडी ठाऊक असेल तर तेवढं अंतर वजा करता येतं. काँक्रीटमागे मूळ लहर ऐकूच आली नाही, तर यंत्र दुसऱ्या भिंतीवरून परतलेली लहर खरी मानतं आणि चूक मीटरांत जाते.

गावातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये परावर्तनाचाच प्रश्न मोठा, कारण लोखंड लहर आरपार जाऊ देत नाही. समजा, सरळ वाट 4 मीटरची आणि मागावर आपटून येणारी 6 मीटरची. दोन्ही लहरींत 6.7 नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. 20 मेगाहर्ट्झच्या वायफायला ते कळत नाही, कारण त्याचा स्पंदच 50 नॅनोसेकंदांचा. 500 मेगाहर्ट्झचा स्पंद 2 नॅनोसेकंदांचा असतो. त्यात दोन्ही लहरी सुट्या दिसतात आणि पहिली तेवढी उचलता येते. त्यासाठी पहिली पोचली मात्र पाहिजे, म्हणून शेडमध्ये ग्राहक यंत्रं मागांच्या उंचीवर न ठेवता वर, छताजवळ लावावीत.