यंत्राला अनुदान, चालविणाऱ्याला नाही

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेकडे जाऊ लागले की दख्खनच्या काळ्या पाषाणाचा थर विरळ होत जातो आणि त्याखालचे अतिप्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडक ठिकठिकाणी उघडे पडतात. भोकर हे त्या बाजूचे तालुक्याचे गाव. या जातीच्या खडकांतील काही खनिजांत फ्लोराईड असते. ते भूजलात हळूहळू उतरते. जिल्ह्यातील काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात त्याचे प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याचे आढळले आहे. ही मर्यादा लिटरमागे एक मिलिग्रॅमची आणि दुसरे पाणी मिळण्यासारखे नसेल तर दीड मिलिग्रॅमची आहे. ती ओलांडली की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधे ताठरतात.

आता भोकर, देगलूर किंवा किनवट येथील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाने या पाण्याचा अभ्यास करावयाचे मनात घेतले, असे समजू. पाण्यात फ्लोराईड किती, एवढाच प्रश्न असेल तर त्याचे उत्तर त्याला आपल्या प्रयोगशाळेतच मिळू शकेल. त्यासाठी लागणारा इलेक्ट्रोड व मापक साध्या महाविद्यालयाच्या आवाक्यातला आहे. परंतु संशोधन म्हणावे ते दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. हे फ्लोराईड नेमक्या कोणत्या खनिजातून येते? त्याच पाण्यात आर्सेनिक वा अन्य जड धातू सूक्ष्म प्रमाणात आहेत काय? उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर हे चित्र कसे बदलते? खडकाच्या भुकटीतील खनिजे ओळखावयाची तर क्ष-किरणांच्या विवर्तनाचे यंत्र हवे. अब्जांश प्रमाणातील धातू मोजावयाचे तर आर्गॉन वायूच्या ज्वाळेवर चालणारा वर्णपटमापी हवा. ही यंत्रे काही लाखांपासून कोटींपर्यंतच्या किमतीची. तालुक्याच्या महाविद्यालयाने ती विकत घ्यावीत असे कोणी म्हणणार नाही, आणि घेऊही नयेत. महिन्यातून दोन दिवस चालणारे यंत्र उरलेले अठ्ठावीस दिवस धूळच खाणार.

म्हणून तो प्राध्यापक नमुने बाटल्यांत भरतो, त्यांवर चिठ्ठ्या डकवितो आणि कुरिअरने मुंबईला, हैदराबादला वा पुण्याला धाडतो. आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनी, संगणकावर एक आलेख येतो. तो आलेख ज्या यंत्राने काढला ते यंत्र त्याने पाहिलेले नसते. नमुना कसा तयार केला, मापन एकदा केले की तीनदा, हे विचारण्याची सोय नसते. एखादा आकडा विचित्र वाटला तर पुन्हा शुल्क भरावयाचे आणि पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. त्याच्या हाताखाली पीएच.डी. करणारा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तो, ज्या उपकरणावर त्याचा सारा प्रबंध उभा आहे त्याची कळ एकदाही न दाबता.

हा प्रश्न देशाच्या धोरणकर्त्यांना कधी सुचलाच नाही, असे मात्र नाही. महागडी साधने एकेकट्याने घेणे परवडत नाही, म्हणून ती सामायिक असावीत, हा विचार जुना आहे. युद्धाने खंगलेल्या युरोपातील बारा देशांनी १९५४ साली एकत्र येऊन जिनीव्हाजवळ सर्न ही प्रयोगशाळा उभारली ती याच विचाराने. आपल्याकडे १९७१ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने त्याच दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रांची योजना आखली. मुंबईच्या आय.आय.टी.तील केंद्र १९७६ चे. नागपूर विद्यापीठालाही असे केंद्र लाभले. देशातील कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधकाने नमुना पाठवावा आणि अल्प शुल्कात मापन करून घ्यावे, अशी ती कल्पना होती. विद्यापीठ अनुदान आयोगानेही विद्यापीठांत उपकरण-सेवा केंद्रे काढण्यास साहाय्य केले. या केंद्रांनी यंत्रे वापरू तर द्यावीतच, पण बिघडलेली यंत्रे दुरुस्तही करावीत, अशी अपेक्षा होती. त्या काळच्या विज्ञान विभागांत काच फुंकणारा कारागीर आणि इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ यांना जे मोल होते, ते आजच्या तरुण प्राध्यापकांना सांगूनही पटणार नाही.

पुढे १९८४ मध्ये आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि विद्यापीठांच्या सामायिक उपयोगासाठी आयोगाला स्वतःच केंद्रे स्थापन करता येऊ लागली. पुणे विद्यापीठाच्या आवारात डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये उभे केलेले आयुका हे त्याच दुरुस्तीचे फळ. अणुऊर्जा विभागाच्या मोठ्या साधनांचा लाभ विद्यापीठांना व्हावा म्हणून इंदूरला असेच एक केंद्र निघाले व त्याची शाखा मुंबईत झाली. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतील न्यूट्रॉनांचे झोत विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिकाला उपलब्ध झाले ते या मार्गाने.

या प्रयत्नांत जे यशस्वी झाले ते का झाले, हे पाहण्यासारखे आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण हे उत्तम उदाहरण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तिचा वेळ कोणाला द्यावयाचा हे संचालकाच्या मर्जीवर नाही. जगभरातून प्रस्ताव मागविले जातात, जाणकारांची समिती ते तपासते आणि गुणवत्तेनुसार वेळ वाटून देते. अर्जदार केंब्रिजचा की एखाद्या जिल्ह्याच्या गावचा, हा प्रश्न गौण ठरतो. दुर्बीण चालविण्यासाठी कायम नेमलेले अभियंते व तंत्रज्ञ आहेत. म्हणजे यंत्र, त्याचा वेळ वाटण्याची रीत आणि ते चालविणारी माणसे या तिन्ही गोष्टींची तरतूद तेथे एकत्र झाली. इंदूरच्या केंद्रानेही विद्यापीठांच्या संशोधकांकडून शुल्काची अपेक्षा न ठेवता सहकार्याचा मार्ग पत्करला.

राज्य विद्यापीठांना मिळालेल्या अनुदानांची घडण मात्र वेगळी झाली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची फिस्ट ही योजना २००० साली आली, पर्स ही २००९ मध्ये. त्यांनी अनेक विभागांचा कायापालट केला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या प्रयोगशाळांत फुटक्या काचनळ्यांखेरीज काही नव्हते तेथे चांगली यंत्रे आली. परंतु अनुदान मुख्यतः वस्तूसाठी असते, ठराविक मुदतीचे असते, आणि बहुधा एका विभागाच्या नावे असते. यंत्र येते, फीत कापली जाते, हमीची वर्षे संपतात आणि मग खरी परीक्षा सुरू होते.

एनएमआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचेच पाहा. रेणूची रचना उलगडण्यासाठी रसायनशास्त्रज्ञाला याइतके विश्वासू साधन नाही. त्याचा अतिवाहक चुंबक उणे २६९ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव हेलियममध्ये सदैव बुडालेला असावा लागतो. त्याभोवतीचे द्रव नायट्रोजन दर आठवड्या-दोन आठवड्यांनी भरावे लागते आणि हेलियम काही महिन्यांनी. हेलियम भारतात बहुतांशी परदेशातून येते व त्याचा भाव चढत राहिलेला आहे. एकदा भरणा चुकला तर चुंबकाची अतिवाहकता नष्ट होते, सारे हेलियम वाफ होऊन उडून जाते, आणि ते पुन्हा उभे करण्यासाठी कंपनीचा अभियंता बोलवावा लागतो. असे यंत्र म्हणजे दुभती म्हैस आहे. दावणीला बांधून सुट्टीवर जाता येत नाही. आणि तिला वैरण घालणारा गडी मात्र अनुदानाच्या पत्रात नसतो.

तो गडी म्हणजे यंत्र चालविणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ. राज्य विद्यापीठांतील पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात. प्राध्यापकांच्याच जागा भरल्या जात नाहीत तेथे तंत्रज्ञाची आठवण कोणाला? मग एखादा संशोधक विद्यार्थी यंत्र शिकतो, दोन-तीन वर्षे सांभाळतो आणि पदवी मिळताच निघून जातो. त्याच्याबरोबर यंत्राची सारी विद्याही जाते. वार्षिक देखभालीचा करार दरवर्षी यंत्राच्या किमतीचा काही भाग मागतो. तो विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. अनुदान बहुधा वर्षाच्या अखेरीस हाती पडते आणि मार्चपूर्वी खर्चाचा दाखला द्यावयाचा असल्याने खोलीला वातानुकूलन होण्यापूर्वीच खोके येऊन पडतात. सार्वजनिक संस्थांत वापराविना पडून राहिलेल्या यंत्रसामग्रीचे उल्लेख महालेखापालांच्या अहवालांतून वेळोवेळी आलेले आहेत. त्यात जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरण-खरेदीवरील वस्तू व सेवा कराचा पाच टक्क्यांचा सवलतीचा दर काढून घेण्यात आला. एका खिशातून अनुदान द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्यातला वाटा परत घ्यावयाचा, हा व्यवहार तेव्हा अनेकांना अनाकलनीय वाटला होता.

सामायिक वापराचे बोल अलीकडे पुन्हा ऐकू येतात. जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आय-स्टेम या राष्ट्रीय व्यवस्थेचे उद्घाटन झाले. कोणते उपकरण कोठे आहे हे पाहून संशोधकाने वेळ राखून घ्यावी, असा तिचा उद्देश. सार्वजनिक पैशातून घेतलेली उपकरणे इतरांना वापरू दिलीच पाहिजेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे विज्ञान विभागाने २०२२ मध्ये काढली. त्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘श्रीमान’ हा शब्द साधण्यात आला. त्याच विभागाची एक योजना ‘साथी’ आहे आणि प्रशिक्षणाची एक ‘स्तुती’ आहे. नावे सुचविणारा जो कोणी आहे, त्याच्याकडे प्रतिभा आहे यात शंका नाही.

परंतु यादीत नाव असणे आणि दार उघडे असणे यांत अंतर आहे. ज्या यंत्राला तंत्रज्ञच नाही ते बाहेरच्याला वापरू देणार कोण? विभागप्रमुखाचा संकोचही सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. बाहेरच्या विद्यार्थ्याच्या हातून सुटा भाग बिघडला तर तो आणण्यासाठी लाख-दीड लाख कोठून काढावयाचे, हे त्याला ठाऊक नसते. मिळणारे शुल्क बहुधा विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जमा होते. दुरुस्तीचा ताप तेवढा त्याच्या वाट्याला येतो. अशा स्थितीत कुलूप लावून ठेवणे हाच शहाणपणा ठरतो. हा माणसाचा दोष नाही; नियमच तसे आहेत.

मराठवाड्यापुरता विचार केला तर या प्रश्नाला आणखी एक धार येते. निजामाच्या राजवटीत या भागाचे विद्यापीठ हैदराबादेत होते. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ चे. किल्लारीच्या भूकंपानंतर एक वर्षाने ते जन्मले. त्या भूकंपाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी जमीन आमची होती, भेगा आमच्या होत्या, परंतु उपकरणे व तज्ज्ञ यावे लागले ते प्रामुख्याने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेतून. त्यांनी आपले काम चोख केले. तरीही लातूर-नांदेडच्या किती विद्यार्थ्यांना त्या अभ्यासात हात घालता आला, हा प्रश्न उरतोच.

अनुदानाच्या वाटणीतही जो आधीच उभा आहे त्याच्याच पारड्यात भर पडते. केंद्रीय अनुदानासाठी आयोगाच्या कायद्यातील ‘बारा ब’ कलमाखाली मान्यता लागते. कायम विनाअनुदानित महाविद्यालयांची मोठी संख्या तेथेच गळते. देशाचा संशोधनावरील खर्च २०२०–२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि त्यातील उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा नऊ टक्क्यांहूनही कमी होता. तो वाटा ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्या प्राध्यापकांनाही बढतीसाठी शोधनिबंध मात्र छापावेच लागत. साधन नाही आणि निबंध तर हवा, या कोंडीतून काय निपजले ते सर्वांनी पाहिले आहे. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम वगळावी लागली. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्यांवर त्या वेळी टीकेची झोड उठली. त्यांच्या दारी प्राध्यापकांना कोणी ढकलले याची चर्चा फारशी झाली नाही.

महानगरातील प्रयोगशाळेत यंत्र असते, पण तेथे भोकरची विहीर नसते. त्या विहिरीचे पाणी दर महिन्याला काढणारा, कोणत्या वाडीत हातपंप कधी बसला हे ठाऊक असणारा, गावकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलणारा माणूस तालुक्याच्या महाविद्यालयातच सापडतो. किनवट-माहूरच्या रानातील वनस्पतींची पाने काढल्यापासून काही तासांत तपासावी लागतात. कुरिअरच्या पिशवीत तीन दिवस काढून ती मुंबईला पोचेपर्यंत त्यांतील कित्येक द्रव्ये पालटलेली असतात. तेव्हा यंत्र खुले करणे म्हणजे खेड्यातल्या मास्तरवर उपकार करणे, ही समजूत आधी टाकून द्यावयास हवी. गरज यंत्रालाही आहे. चांगल्या प्रश्नाविना तेही ठराविक आलेख काढीत बसते.

संशोधनासाठी स्थापन झालेल्या नव्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांची उभारणी त्यात योजिलेली आहे. त्यातील बराच मोठा भाग खासगी क्षेत्राकडून यावा, अशी अपेक्षा आहे. ती कितपत पुरी होते हे दिसेलच. अनुभवी संस्थेने भोवतालच्या विद्यापीठांना हात द्यावा, असा त्याचा एक कार्यक्रमही आहे. या पैशातून यंत्र देताना त्याच मंजुरीपत्रात तंत्रज्ञाचे निदान दहा वर्षांचे वेतन आणि देखभालीची रक्कम लिहिली जावी, यापेक्षा मोठी सुधारणा दुसरी नाही. यंत्र थोडे लहान घ्यावे लागले तरी चालेल. बाहेरच्यांकडून आलेले शुल्क त्याच यंत्राच्या खाती राहावे. आणि उपयोगिता प्रमाणपत्रात रक्कम खर्च झाली एवढेच न विचारता, वर्षभरात बाहेरच्या किती संस्थांचे किती नमुने तपासले, हेही विचारावे. हा प्रश्न एकदा छापील नमुन्यात आला की विभागप्रमुखांच्या खोल्यांची कुलुपे आपोआप सैल होतील.

राज्य सरकारकडे मागण्यासारखी गोष्ट तर आणखी लहान आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला उद्या जे मोठे उपकरण येईल, त्याचा आठवड्यातील एक दिवस भोकर, देगलूर, उदगीर, अहमदपूर, वसमत, गंगाखेड अशा गावांतील महाविद्यालयांसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी नमुना घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे आणि गरज पडल्यास वसतिगृहात एक रात्र खाट द्यावी, आणि यंत्रासमोरच्या खुर्चीवर त्यालाच बसू द्यावे.