अल्प धावलेली मोटार : मोल आणि मर्यादा
मार्च १९६३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझ कंपनीने ‘२३० एसएल’ ही उघड्या छताची मोटार प्रथम मांडली. तिचे काढता येणारे टणक छत मध्यभागी किंचित खोलगट असल्याने रसिकांनी तिला ‘पॅगोडा’ हे नाव दिले. १९७१ पर्यंत या मालिकेतील ४८,९१२ मोटारी तयार झाल्या. आसनांना चामड्याऐवजी कृत्रिम आवरणही मिळत असे, ही बाब अहिंसाप्रेमी कुटुंबांना विशेष वाटेल.

यांतील अल्प धावलेल्या, मूळ रूपातील मोटारीस आज मोठे मोल येते. परंतु केवळ मापकावरील आकड्यावर विसंबणे व्यापारी बुद्धीस शोभत नाही. तो आकडा देखभालीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावा. शिवाय वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारीचे रबर कडक होते, ब्रेकचे तेल ओलावा शोषते, टाकीतील पेट्रोल बिघडते.

म्हणजे नुसती झाकून ठेवल्याने वस्तू टिकत नाही. तिला नियमित वापर आणि निगा लागते. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रतही संग्रहाला मर्यादा घालण्यास सांगते. जेवढे सांभाळता येईल, तेवढेच घरी आणावे.